लिस्बनला कशाला?

लिस्बनला चाललो आहे असे फोंड्यात कुणालाही सांगा. समोरचा माणूस आधी आवाज खाली करतो आणि मग विचारतो, "पेपर जाले?" गोव्याबाहेरच्या वाचकाला यातली गंमत कळायची नाही. वडील किंवा आजोबा १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेले असले की त्यांच्या जन्माची नोंद पोर्तुगालात करून घ्यायची, मग स्वतःची, मग तो लाल पासपोर्ट. हा रस्ता आमच्या वाड्यावाड्यांत पाठ आहे. मी म्हणायचो, "नाही हो, कादंबरी लिहितोय, त्यासाठी जातोय." त्यावर लोक "बरे, बरे" म्हणून असे हसायचे की जणू मी काहीतरी लपवतोय आणि ते मला समजून घेताहेत.

त्यांचेही बरोबर आहे म्हणा. मराठी कादंबरीच्या मानधनात लिस्बनला जायचे तिकीटसुद्धा बसत नाही, परत यायचे तर सोडाच. निवृत्त होताना मिळालेल्या पैशांतला एक तुकडा मी यासाठी बाजूला ठेवला होता. बायकोला भीत भीत विचारले तेव्हा ती म्हणाली, "जाऊन या एकदा. दहा वर्षे घरात तो मास्तर कैदेत बसलाय, तो तरी सुटू दे."

हा मास्तर म्हणजे माझ्या कादंबरीचा नायक. अंत्रुजातल्या एका गावात मराठी शाळा चालवणारा, सशस्त्र लढ्यात पडलेला, पकडला गेलेला आणि शेवटी बोटीत घालून पोर्तुगालला नेलेला. वाचणाऱ्याला लगेच मोहन रानडे आठवतील, आणि ते आठवावेत. रानडे मूळचे सांगलीचे, सावईवेऱ्याला मराठी शिकवत, आझाद गोमंतक दलात होते. १९५५ साली बेती चौकीवरच्या हल्ल्यात पकडले गेले, सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि नंतर त्यांना लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात ठेवले. पण माझा मास्तर म्हणजे रानडे नव्हेत. त्यांनी स्वतःची हकीकत 'सतीचे वाण'मध्ये स्वतः लिहिली आहे, तिला माझ्या शाईची गरज नाही. मला त्यांच्या आयुष्यातली फक्त एक तारीख छळत होती. गोवा सुटला १९ डिसेंबर १९६१ रोजी. रानडे सुटले २५ जानेवारी १९६९ रोजी. ज्या कामासाठी माणूस तुरुंगात गेला ते काम झाले, घरी झेंडा लागला, निवडणुका झाल्या, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, जनमत कौल झाला, आणि हा माणूस अजून त्या कामाच्या गुन्ह्याखाली परक्या देशात कोठडीत. तेलो मास्करेन्यश तर त्यांच्याही नंतर, १९७० साली सुटले. सुधीर फडक्यांनी रानड्यांसाठी केलेली धडपड, अण्णादुराईंनी पोपना घातलेले साकडे, या गोष्टी आमच्या पिढीने ऐकल्या आहेत. अण्णादुराई त्यांच्या सुटकेनंतर नऊ दिवसांनी, ३ फेब्रुवारीला गेले. आभार मानायलाही माणूस उरला नाही.

मधली सात वर्षे माझ्या मास्तरने कशी काढली? ही माझी कादंबरी.

आता कुणी म्हणेल, घरबसल्या सगळे दिसते, जायचे कशाला? मीही काशियशच्या रस्त्यावरून संगणकावर शंभरदा फिरलो होतो. पणजीत दोन वर्षे संध्याकाळच्या वर्गाला जाऊन पोर्तुगीजही वाचण्यापुरते शिकलो होतो. पण संगणकावर वारा लागत नाही. २०२४च्या ऑक्टोबरात तीन आठवड्यांसाठी गेलो आणि पहिल्याच संध्याकाळी नदीकाठी कानटोपी विकत घ्यावी लागली. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे अंगाची लाही. मास्तर पहिल्या प्रकरणात थंडीने कुडकुडतो असे मी लिहिले होते. कानटोपी घेतल्यावर कळले की थंडीपेक्षा वाऱ्याबद्दल लिहायला हवे. तिथला वारा समुद्रावरून येतो आणि बटणांच्या फटीतून आत शिरतो.

पहिले काही दिवस तोरे दो तोंबूमध्ये गेले. हे पोर्तुगालचे राष्ट्रीय दप्तरखाने. नाव जुन्या किल्ल्यातल्या बुरुजाचे, तो बुरूज १७५५च्या भूकंपात पडला. आजची इमारत १९९०ची, काँक्रीटची, भिंतींवर राक्षसी चेहरे कोरलेली. सालाझारच्या गुप्त पोलिसांचे, म्हणजे पीडचे, कागद इथे आहेत आणि १९९४पासून ते लोकांना पाहता येतात. दारात पिशवी ठेवायची, पेन ठेवायचे, फक्त शिसपेन्सिल घेऊन आत जायचे. परीक्षेला बसलेल्या मुलासारखे वाटते.

तिथे माझी खरी अडचण झाली ती नावांची. आपली माणसे त्यांच्या कागदांत आपल्या नावाने सापडत नाहीत. तिकडे 'श' लिहायला एक्स, 'क' लिहायला क्यू, शब्दाच्या शेवटी एखादा जादा स्वर. प्रभूचा पोरोबो झालेला, शेणयांचा सिनाय, पुंडलिकाचा पुंडोलिका. मराठीला तर 'मराता' म्हणतात, म्हणून मराठी शाळा शोधायची तर 'मराता' शाळा शोधावी लागते. दोन दिवसांनी मी डोळे मिटून नाव आधी पोर्तुगीज कारकुनाच्या कानाने ऐकायचा सराव केला, आणि मग कागद बोलू लागले. एकदा ओठ हलवत "षें-को-रा, षें-को-रा" असे पुटपुटताना शेजारच्या टेबलावरच्या मुलीने वर पाहिले. तिला वाटले असेल, म्हातारा जप करतोय.

कैद्यांच्या नोंदवहीत प्रत्येकाचे एक पान. समोरून आणि बाजूने काढलेले फोटो, बोटांचे ठसे, आणि खाली तारखांची रांग: अमुक दिवशी इथे आणला, तमुक दिवशी तिथे हलवला. हे हस्ताक्षर फार सुरेख असते. इतके वळणदार अक्षर अशा कामाला का वापरावे, असे मनात आले. बहुतेक पाने पोर्तुगीज माणसांचीच होती. मजूर, विद्यार्थी, कोळी, एक शिंपी. मी गोव्याहून आपली वेदना घेऊन गेलो होतो, आणि समोर त्यांच्याच घरच्या माणसांची शेकडो पाने उघडी. शाळेत आम्हाला 'पोर्तुगीज' असा एकच शब्द शिकवला होता. त्या शब्दाला आतून इतक्या कोठड्या आहेत हे पुस्तकांत वाचले होते, पण चेहरे बघणे निराळे.

सेच्या, म्हणजे लिस्बनच्या कॅथेड्रलच्या अगदी शेजारी आल्जूब आहे. मूळ शब्द अरबी, अर्थ विहीर. जुन्या गोव्यातही याच नावाची कैदखाना होती. लिस्बनचा आल्जूब १९६५ साली बंद झाला, २०१५पासून तिथे संग्रहालय आहे. एकांत कोठड्यांना कैदी 'कुर्रुश' म्हणत, म्हणजे बैल झुंजीला सोडण्यापूर्वी कोंडतात ती जागा. नमुन्याला ठेवलेल्या कोठडीत मी उभा राहिलो आणि दोन्ही हात पसरायला गेलो. पसरता आले नाहीत. माझ्या हस्तलिखितात मास्तर कोठडीत येरझाऱ्या घालत विचार करतो असे चार पानांचे प्रकरण होते. ते तिथेच गेले. येरझाऱ्या घालायला जागा लागते.

पेनिशला एक दिवस जाऊन आलो. लिस्बनच्या उत्तरेला, बसने दीड-दोन तास. कोळ्यांचे गाव, धक्क्यावर सार्डिनचा वास, जाळी पसरलेली. आमच्या मालीमच्या जेटीवर उभे असल्यासारखे वाटले. आणि त्या गावाच्या टोकाला समुद्रात घुसलेला किल्ला. १९४६च्या चळवळीनंतर त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य, पुरुषोत्तम काकोडकर, लक्ष्मीकांत भेंब्रे, डॉ. राम हेगडे या आपल्या लोकांना इथे आणून ठेवले होते. अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर हे पुरुषोत्तमबाबांचे चिरंजीव. बाप पेनिशला असताना मूल जेमतेम चार वर्षांचे, हे तिथल्या भेटीच्या खोलीत आठवले. कैदी एका बाजूला, घरचे दुसऱ्या बाजूला, मध्ये काच आणि ऐकायला पहारेकरी. आपल्या माणसांना भेटायला गोव्याहून इथवर कोण येणार? ती काचसुद्धा त्यांच्या वाट्याला आली नसेल. किल्ल्यात आता राष्ट्रीय संग्रहालय आहे, एप्रिल २०२४मध्येच ते पुरते उघडले. मार्गदर्शक मुलगी १९६०च्या जानेवारीत आल्व्हारु कुन्याल आणि त्यांचे साथीदार कसे पळाले ते रंगून सांगत होती. शाळेची मुले भिंतीची उंची मोजत होती.

काशियशला मात्र आत जाता येत नाही. तो अजून चालता तुरुंग आहे. काइश दो सोद्रेहून नदीच्या काठाकाठाने जाणारी लोकल पकडायची, स्टेशनवर उतरायचे, एका बाजूला पुळण, दुसऱ्या बाजूला चढण आणि वर किल्ला. मी चढून गेलो, बाहेरून फिरलो. फाटकावरच्या शिपायाने हाताने "पुढे चला" अशी खूण केली, उद्धटपणे नव्हे. मग खाली येऊन पुळणीवरच्या कट्ट्यावर बसलो. मला फक्त ऐकायचे होते. वर बसलेल्या माणसाला काय काय ऐकू येईल? दर थोड्या वेळाने लोकल जाते. वारा फिरला की लाटा. आणि समोरून, तेजो नदीच्या मुखातून, आत शिरणारी मोठमोठी मालवाहू जहाजे. एका जहाजाने भोंगा दिला तो पोटात वाजला. वहीत लिहिले: "भोंगा वर पोचतो." एवढेच. त्या ओळीचे काय करायचे ते तेव्हा माहीत नव्हते.

मी ज्या घरात खोली घेऊन राहिलो होतो त्या घरमालकीणबाईंना माझे काम काय ते एव्हाना कळले होते. एक दिवस त्या म्हणाल्या, "माझे काका तुमच्या गोव्यात सैनिक होते. पलीकडे राहतात. भेटाल का?"

पलीकडे म्हणजे तेजोच्या पलीकडे. काइश दो सोद्रेहूनच कासिल्याशची फेरीबोट सुटते, दहा मिनिटांत पोचते. पणजीहून बेतीला जाणाऱ्या फेरीची आठवण येणे अटळ होते. बाई सोबत होत्या. काका चौऱ्याऐंशी वर्षांचे, पाचव्या मजल्यावर एकटे राहणारे, पाठ ताठ. मी फोंड्याचा म्हटल्यावर त्यांनी खुर्ची जवळ ओढली. "पोंदाऽ," ते म्हणाले, शेवटचा स्वर लांबवत. "मशिदीजवळचे तळे अजून आहे का?"

आहे म्हणालो. साफा मशिदीचे तळे अजून तसेच आहे.

१९६१च्या डिसेंबरात शरण आलेल्या तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिकांना भारताने काही महिने छावण्यांत ठेवले होते, त्यांतली एक फोंड्याला होती. हे मला माहीत होते, जसे आपल्याला एखादे सनावळीतले वाक्य माहीत असते. त्या वाक्यातला माणूस माझ्यासमोर बसून बिस्किटांची बशी पुढे सरकवत होता. त्यांनी एक डबी आणली. आत पत्त्यांचा जोड, सिगारेटच्या पाकिटांचे पुठ्ठे कापून केलेला, राजा-राणी पेनने काढलेले. छावणीत वेळ जात नसे म्हणून. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. ती त्यांनी आपल्या मुलांना, नातवंडांना अनेकदा सांगितली असावी, कारण पुतणी मध्येमध्ये शब्द पुरवत होती. मार्च महिन्यात एका रात्री दुरून ढोल वाजू लागले. आवाज जवळ येत गेला, त्यात आरोळ्या. छावणीत सगळ्यांना वाटले, गावचे लोक सूड घ्यायला आले. हे आणि यांचे मित्र अंधारात बूट चढवून बसून राहिले, कारण अनवाणी मरायचे नव्हते. आवाज फाटकापर्यंत आल्यासारखा वाटला आणि मग हळूहळू लांब गेला. भारतीय पहारेकऱ्यांनी जमावाला परतवले, म्हणून आपण वाचलो.

मी विचारले, "मार्चमध्ये? कोणत्या सुमाराला?"

"तिसऱ्या आठवड्यात असेल. चांदणे होते."

वाचकांच्या लक्षात आलेच असेल. १९६२ची फाल्गुनी पौर्णिमा मार्चच्या तिसऱ्या आठवड्यातलीच. तो शिगमो होता. रोमटामेळ. मुक्तीनंतरचा पहिला शिगमो. माझे वडील तेव्हा सत्तावीस वर्षांचे, गळ्यात ढोल अडकवून त्याच मेळात होते. त्या वर्षी कातडे फाटेपर्यंत वाजवले असे ते मरेपर्यंत सांगायचे.

सांगावे की नाही, क्षणभर थांबलो. मग सांगितले. माझ्या मोडक्या पोर्तुगीजमध्ये शिगमो समजावला, टेबलावर बोटांनी ठेकाही धरला. पुतणी हसू लागली. काका हसले नाहीत. त्यांनी विचारले, "नक्की?" मी म्हणालो, "माझे वडील त्यात होते." ते बराच वेळ पत्ते चाळवत बसले. बासष्ट वर्षे सांभाळलेली गोष्ट त्यांच्या हातून मी काढून घेतली होती, आणि त्या जागी त्यांना काय ठेवावे हे सुचत नव्हते. मलाही सुचत नव्हते.

मग ते परतीच्या प्रवासाबद्दल बोलू लागले. मे १९६२. गोव्याहून विमानाने कराची, तिथून जहाज. सालाझारने आधीच बजावले होते की सैनिक एकतर जिंकतील नाहीतर मरतील. हे दोन्ही न करता परत येणाऱ्यांचे काय? "आमची आई धक्क्यावर येईल असे वाटले होते. धक्क्यावर लष्करी पोलीस होते." त्यांचे सेनापती वासालु इ सिल्व्हा यांना पुढे लष्करातून काढून टाकले, १९७४च्या क्रांतीनंतर परत घेतले. गंमत पाहा, तेच वासालु इ सिल्व्हा १९८० साली गोव्यात आले तेव्हा आपल्या लोकांनी त्यांचे आगतस्वागत केले.

"नदीत शिरलो तेव्हा आम्ही सगळे डेकवर होतो," काका म्हणाले. "भोंगा झाला. डाव्या हाताला आधी ओएइराश, मग काशियश, मग बेलेंचा बुरूज. बुरूज दिसल्यावर काही मुले रडली."

मी त्यांना पुन्हा विचारले. डाव्या हाताला काय?

त्यांनी बोटाने टेबलावर नदी काढून दाखवली. लिस्बनला समुद्रातून येणारे प्रत्येक जहाज काशियशच्या खालून जाते. मी त्या कट्ट्यावर बसून जहाजे पाहिली होती. मे १९६२मध्ये आपण सोडून दिलेले सगळे सैनिक घरी आले ते या वाटेने. आणि वर किल्ल्यात माझा मास्तर. भारताने तीन हजार माणसे परत केली, त्यांच्या बदल्यात रानडे, मास्करेन्यश घरी आले नाहीत. हे मी कित्येक वर्षे जाणून होतो, त्यावर रागाने एक लेखही लिहिला होता. पण ते जहाज त्या कैद्याच्या पायाखालून जाते, भोंगा देत जाते, हे कुठल्याही कागदात मला दिसले नव्हते. तो नकाशा मला त्याच जहाजातल्या माणसाने बोटाने काढून दिला.

त्यांना मास्तरबद्दल सांगितले. कादंबरीतला आहे, पण असे खरे होते, हेही सांगितले. ते म्हणाले, "आम्हाला कुणी सांगितले नाही." नंतर विचारले, "तो कधी सुटला?" मी म्हणालो, १९६९. त्यांनी बोटांवर मोजले आणि पुतणीला कॉफी आणायला सांगितले.

परत आल्यावर हे सगळे मी एका मित्राला सांगितले. त्याचे वडील आग्वादच्या तुरुंगात होते, पाठीवरचे वळ त्यांनी जन्मभर बाळगले. तो स्पष्ट बोलला. "त्यांचे दुःख लिहायला त्यांचे लेखक आहेत. तू आमचे लिही. तू त्या म्हाताऱ्याला कादंबरीत आणलास की वाचणारा म्हणेल, दोघेही बिचारे." त्याचा मुद्दा मला हलका वाटत नाही. पाच महिने युद्धकैदी म्हणून पत्ते खेळणे आणि चौदा वर्षे कोठडीत बसणे यांना एका तागडीत घालणारी कादंबरी मला लिहायची नाही. हल्ली 'दोन्ही बाजू' दाखवण्याची एक हौस झाली आहे, तिचा मला कंटाळा येतो. सैनिक नोकरीवर आला होता आणि घरी गेला. मास्तर स्वतःच्या इच्छेने लढला आणि अडकला. हा फरक पुसता कामा नये.

तरी ते प्रकरण मी लिहिले आहे. अकरा पानांचे. जहाज नदीत शिरते, डेकवरची मुले बेलेंचा बुरूज शोधताहेत, आणि वर मास्तरला फक्त भोंगा ऐकू येतो. कसले जहाज, कोण आले, त्याला कळत नाही, आणि कादंबरी संपेपर्यंत कळत नाही. वाचणाऱ्याला कळते. मित्राला वाचायला दिले आहे, त्याने अजून परत दिलेले नाही.

शिगम्याचे मात्र अडले आहे. त्या रात्री काकांना ऐकू आला तो ठेका मला शब्दांत हवा आहे, आणि टेबलावर बोटांनी धरलेला माझा ठेका वडिलांचा नव्हे, पुढच्या पिढीचा. त्या वर्षी मेळात असलेले एक गृहस्थ आमच्या वाड्यावर अजून आहेत. कमी ऐकू येते, पण हात चालतो म्हणतात. या रविवारी त्यांच्याकडे जायचे आहे, ढोल त्यांच्या नातवाने माळ्यावरून काढून ठेवला आहे.